पाखराची बोली उमगलेली बाई : मार्गारेट मोर्स नाइस

कलाशाखेच्या वार्षिकात एका पक्षिशास्त्रज्ञ बाईचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न कुणीही विचारील. तो विषय विज्ञानशाखेच्या मंडळींनी लिहावा, आपण कविता-कथा लिहाव्यात, अशी आपल्याकडे जणू वाटणीच झालेली आहे. पण मी भाषेची विद्यार्थिनी आहे आणि मार्गारेट मोर्स नाइस ही बाई मला भेटली ती भाषेच्याच वाटेवर. मूल बोलायला कसे शिकते, याविषयीचे जुने लेख चाळताना तिचे नाव पुनःपुन्हा येऊ लागले. आपल्या लेकींचे बोबडे बोल वहीत टिपून ठेवणारी ही आई पुढे काय करते म्हणून मी शोध घेऊ लागले, तर ती एका नदीकाठच्या झुडपांत बसून पाखराचे बोल टिपताना सापडली! मुलाच्या भाषेकडून पाखराच्या भाषेकडे गेलेल्या या बाईची गोष्ट मला सांगावीशी वाटते.

मार्गारेटचा जन्म ६ डिसेंबर १८८३ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, अ‍ॅमहर्स्ट या गावी झाला. वडील अ‍ॅन्सन मोर्स तेथल्याच कॉलेजात इतिहासाचे प्राध्यापक. सात भावंडांत ही चौथी. घराभोवती बाग, फळझाडे, पलीकडे टेकड्या आणि रान. १८९५ च्या नाताळात तिला पक्ष्यांवरचे एक रंगीत चित्रांचे पुस्तक भेट मिळाले आणि बाराव्या वर्षीच पाखरांच्या नोंदी ठेवण्याचा तिला नाद लागला. कुठल्या झाडावर कोणाचे घरटे, त्यात किती अंडी, किती पिले उडाली आणि किती मेली, हे सारे ती लिहून ठेवी. घरात विद्येला मान होता, पण मुलीच्या विद्येला कुठवर जाऊ द्यायचे याची मर्यादाही ठरलेली होती. माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजातून १९०६ साली ती पदवीधर झाली. तिथे ती भाषा शिकली, प्राणिशास्त्रही शिकली. परंतु मेलेले प्राणी कापून पाहण्यात तिचे मन रमले नाही. तिला जिवंत प्राणी हवा होता. आता मुलीने घरी राहावे, आईवडिलांच्या संसारात हातभार लावावा, अशी घरच्यांची अपेक्षा होती. हे वाचताना मला परक्या देशाचे काही वाचते आहे असे वाटेनाच.

त्या घरकोंडीतून तिची सुटका एका व्याख्यानाने केली. क्लार्क विद्यापीठातील प्राध्यापक हॉज यांचे बेडकाच्या जातीतल्या भेकावर भाषण होते. जिवंत प्राण्याकडे नुसते नीट पाहिले तरी ते शास्त्र होऊ शकते, हे तिला तेव्हा उमगले. घरच्यांची नाराजी पत्करून तिने १९०७ साली क्लार्क विद्यापीठात नाव घातले. तेथे तिने बॉबव्हाइट या लावरीसारख्या पक्ष्याच्या आहाराचा अभ्यास केला. तो किती किडे व किती तणाचे बी खातो याचा हिशेब मांडणारा तिचा लेख १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच विषयावर डॉक्टरेट करावी असे तिच्या मनात होते. परंतु १९०९ मध्ये लेनर्ड ब्लेन नाइस या सहाध्यायाशी तिचे लग्न झाले आणि डॉक्टरेट मागे पडली. आपण ती पदवी घ्यायला हवी होती, अशी चुटपुट तिला पुढे अधूनमधून लागून राहिली.

पती शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९१३ साली हे बिऱ्हाड ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मन या गावी गेले. एकामागून एक पाच मुली झाल्या. चूल, कपडे, आजारपणे, लेकरांची उस्तवार यांत दिवस कसे जातात हे आपल्याकडच्या बायांना वेगळे सांगायला नको. पाखरे तर कित्येक वर्षे दृष्टीआडच झाली. पण या बाईची नजर स्वस्थ बसणारी नव्हती. रानात जायला मिळत नाही ना, मग घरात जो जीव वाढतो आहे त्याच्याकडेच तिने नीट पाहायचे ठरवले. थोरली कॉन्स्टन्स बोलू लागली तसे तिचे शब्द मार्गारेट टिपू लागली. कुठला शब्द केव्हा आला, कुणाचे ऐकून आला, दोन शब्द जोडून पहिले वाक्य केव्हा झाले, वयाच्या कितव्या वर्षी किती शब्द आले, या साऱ्याची मोजदाद तिने केली. १९१५ साली क्लार्क विद्यापीठाने तिला एम. ए. दिली. मुलांच्या भाषेवर तिने पुढे एकंदर अठरा लेख लिहिले.

माझ्या मते तिच्या साऱ्या पुढच्या कामाची पायाभरणी इथे झाली. मुलाची भाषा अभ्यासणाऱ्याला दोन गोष्टी शिकाव्याच लागतात. एक म्हणजे ‘मूल’ असे सर्वसाधारण काही नसते. हे मूल आणि ते मूल असते, आणि एकेकाचा स्वतंत्र इतिहास ठेवावा लागतो. दुसरी म्हणजे नुसता आवाज टिपून भागत नाही. तो केव्हा निघाला, समोर कोण होते, त्यानंतर काय घडले, हे टिपले तरच त्याचा अर्थ लागतो. पाळण्याशेजारी शिकलेले हे दोन धडे तिने पुढे नदीकाठी नेले.

पाखरांकडे ती परत वळली ती १९१९ च्या ऑगस्टमध्ये. होल्यांच्या शिकारीची मुदत ऑगस्टपासूनच सुरू करावी, कारण तोवर त्यांची वीण संपलेली असते, अशी मागणी तेव्हा वर्तमानपत्रातून पुढे आली. मार्गारेटला ते खरे वाटेना. मुलींना बरोबर घेऊन ती गावातली आणि विद्यापीठाच्या आवारातली घरटी तपासत हिंडली. सप्टेंबरमध्ये, इतकेच काय ऑक्टोबरमध्येही, घरट्यांत होल्यांची पिले सापडली. ऑगस्टात आईबाप मारले असते तर ती सारी उपाशी मेली असती. या एका शोधाने तिचे बालपणचे वेड परत आले. मग सारे कुटुंब मोटारीत तंबू टाकून ओक्लाहोमाभर फिरू लागले, आणि नवराबायकोचे ओक्लाहोमाच्या पक्ष्यांवरचे पुस्तक १९२४ मध्ये निघाले.

१९२७ साली पतीची नेमणूक ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरी झाली. ओलेन्टँजी नदीजवळ त्यांनी घर घेतले. घरामागे नदीच्या पुराने वेढली जाणारी, तण आणि काटेरी झुडपे माजलेली पडीक जमीन होती. शहराच्या लेखी ती निकामीच. दोन पुलांच्या मधली म्हणून मार्गारेटने तिचे नाव ठेवले ‘इंटरपाँट’. तिथेच पुढच्या वर्षी तिच्या आयुष्यातले सर्वांत मोठे दुःख आणि सर्वांत मोठे काम ही दोन्ही एकत्र आली. १९२८ साली तिची चौथी मुलगी एलिनॉर वारली. त्याच वर्षी २६ मार्चला तिने आपल्या पहिल्या साँग स्पॅरोच्या पायात कडे घातले. या दोन गोष्टींचा संबंध जोडून दाखवणे मला बरे वाटत नाही. ज्या पाळण्यातल्या जिवाचे शब्द न् शब्द आपण टिपले तो जीवच जावा, यावर दुसऱ्याने काय बोलावे? एवढेच सांगते की त्यानंतर आठ वर्षे ही बाई पहाटे उठून त्या झुडपांत जात राहिली.

साँग स्पॅरो म्हणजे काय, हे इथे सांगायला हवे. नावात स्पॅरो असले तरी आपल्या घरातल्या चिमणीशी त्याचे नाते दूरचे. आपल्या शेतांत दिसणाऱ्या भारीट पक्ष्यांना तो अधिक जवळचा. चिमणीएवढाच, तपकिरी, छातीवर गडद रेघा आणि मध्ये एक ठिपका. अमेरिकेत अंगणात, कुंपणावर, ओढ्याकाठी कुठेही दिसणारा. इतका साधा की त्याच्याकडे कुणी वळून पाहू नये. गाणे मात्र ऐकण्यासारखे. आरंभी दोन-तीन स्पष्ट सुटे सूर, मग एखादी घरघर, मग एक लांब मुरकी. सारे दोन-तीन सेकंदांत आटोपते. अशा पाखरावर आता नवीन काय सांगण्यासारखे उरले असणार, असे त्या काळी जाणकारांनाही वाटत असावे.

मार्गारेटची युक्ती साधी होती. सरकारी क्रमांकाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कड्याबरोबर ती रंगीत सेल्युलॉइडची कडी पाखराच्या पायात घाली. लाल, निळे, पिवळे, हिरवे असे रंगांचे जोड प्रत्येकाचे वेगळे. त्यामुळे पुन्हा न पकडता, लांबूनच, हा कोण ते कळे. पहिल्याचे नाव ‘युनो’, त्याच्या शेजाऱ्याचे ‘४ एम’. म्हणजे चौथा नर. आठ वर्षांत तिने पाचशेहून अधिक साँग स्पॅरोंना अशी कडी घातली. आता ‘साँग स्पॅरो गातो’ असे म्हणून चालणार नव्हते. युनो गातो की ४ एम, कुठल्या फांदीवरून, कुणाला उद्देशून, बायको आहे की नाही, हे सारे दिसू लागले. आणि तसे दिसू लागताच गाण्याचा अर्थ लागत गेला.

पहिला अर्थ जागेचा. नर आपल्या वतनाच्या कडेकडेने, उंच फांदीवरून गातो. ही जागा माझी, असे ते सांगणे. इंग्लंडमधील एलियट हॉवर्ड यांनी १९२० साली पक्ष्यांच्या वतनाची कल्पना मांडली होती. मार्गारेटने ती एकेका पाखराच्या जमाखर्चाने तपासली. नवा नर हद्दीत घुसला की एक ठरीव नाटक चाले. एक जण पिसे फुलवून हलक्या सुरात गाई आणि एक पंख उभारून हलवी. दुसरा न गाता त्याच्या मागे लागे. जागेचा निकाल लागला की दोघेही आपापल्या फांदीवर बसून मोठ्याने गात.

दुसरा अर्थ त्याहून मजेचा. एकटा नर वसंतात सकाळपासून गात सुटतो. मादी येऊन राहिली की त्याचे गाणे एकदम ओसरते, जवळजवळ थांबतेच. ती मेली किंवा नाहीशी झाली तर पुन्हा सुरू. म्हणजे कुंपणावर दिवसभर गाणारा हा गवई सुखाने गात नसून बहुधा एकटेपणाने गात असतो! पाखरू आनंदाने गाते, असे आपण कवितेत किती सहज लिहून जातो. मार्गारेटच्या वहीने निदान या पाखरापुरते त्या समजुतीला छेद दिला.

तिसरी गोष्ट बोलाची. गाणे निराळे आणि बोल निराळे. गाणे प्रामुख्याने नराचे, ऋतूचे. बोल मात्र नर, मादी, पिले सर्वांचे आणि बारमाही. संशय आला म्हणजे एक घोगरा सूर, खरा धोका दिसला म्हणजे कोरडी घाईघाईची टिकटिक, पिलांचा अन्नासाठी चिवचिवाट, जोडीदारांची आपसातली हलकी कुजबूज. प्रत्येक आवाजापुढे मार्गारेटने प्रसंग लिहिला. मांजर जवळ आले होते का, घरट्यात अंडी होती की पिले, नर जवळ होता की दूर. बाळाचे ‘मम’ म्हणजे पाणी की भूक, हे आई जसे संदर्भाने ओळखते, तसाच हा उद्योग होता. पाखराला माणसाचे मन न देता, आणि त्याला चावीचे खेळणेही न मानता, तिने तो केला.

मार्गारेट मोजण्यात किती चिवट होती याचे एकच उदाहरण देते. ११ मे १९३५ रोजी तिने ४ एमला उजाडण्यापूर्वीपासून संध्याकाळपर्यंत ऐकले आणि त्याची गाणी मोजली. ती भरली २,३०५. तेव्हा ४ एम म्हातारा होता, निदान सात-आठ वर्षांचा; लहान पाखराच्या हिशेबात ते दीर्घायुष्यच. आणि मार्गारेट एक्कावन्न वर्षांची. एका म्हाताऱ्या पाखराची दिवसभराची सारी गाणी कुणीतरी सारे सोडून ऐकावीत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

प्रत्येक नराच्या गळ्यात सहा-आठ किंवा त्याहून अधिक चिजा असतात, एक चीज तो अनेकदा घोळवतो आणि मग दुसरी घेतो, दुसऱ्या नराच्या चिजा त्याच्याहून वेगळ्या, हे तिने कानाने ओळखले. मग तिने बाप-लेक-नातू यांची गाणी ताडून पाहिली. लेकाचे गाणे बापासारखे निघेना! म्हणजे चीज रक्तातून उतरत नाही. पिले पहिल्याच वर्षी कसलेसे अस्पष्ट, विस्कळीत गुणगुणू लागतात आणि पुढच्या वसंतापर्यंत त्यातून नेमक्या चिजा घडतात, हेही तिने पाहिले. आपल्या मुलींचे बोबडे बोल ऐकलेल्या या बाईला त्या गुणगुण्याचे महत्त्व चटकन कळले असेल, यात नवल नाही.

पुढे १९५० नंतर आवाजाचे चित्र काढणारी यंत्रे आली. केंब्रिजचे थॉर्प, त्यांचे शिष्य पीटर मार्लर आणि इतरांनी दाखवून दिले की कित्येक गाणारी पाखरे लहानपणी मोठ्यांचे ऐकून गाणे शिकतात, आधी बोबडे गातात, मग त्यांचे गाणे पक्के होते. सिएटल शहरातील साँग स्पॅरोंवर मायकेल बीचर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षे काम केले. तरुण नर जिथे वस्ती करणार त्या परिसरातल्या प्रौढ नरांकडून चिजा उचलतात, आणि शेजाऱ्याला उत्तर देताना त्याच्याशी समाईक असलेली कुठली चीज घ्यायची यालाही अर्थ असतो, असे त्यांना आढळले. बापाचे गाणे लेकात का सापडत नाही, या कोड्याचे उत्तर असे शेजाऱ्यापाशी निघाले. मार्गारेटपाशी यंत्र नव्हते. तिच्यापाशी दोन कान, दुर्बीण आणि वही होती.

एवढे काम झाले, पण छापणार कोण? अमेरिकेतील पक्षिविषयक नियतकालिकांना इतके लांबलचक लेखन झेपेना. १९३१ साली तिची अर्न्स्ट मायर या तरुण जर्मन शास्त्रज्ञाशी ओळख झाली, आणि त्यांच्या ओळखीतून बर्लिनच्या एर्विन श्ट्रेझेमान यांनी तिचा प्रबंध आपल्या नियतकालिकात जर्मन भाषेत १९३३-३४ साली छापला. इथे मला एक धागा आपल्या घराकडे येताना दिसतो. आपले सालिम अली १९२९-३० मध्ये याच श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली बर्लिनला शिकले होते. त्यांच्यापाशीही विद्यापीठाची मोठी पदवी नव्हती आणि त्यापायी त्यांची नोकरी हुकली होती. परत आल्यावर त्यांनी अलिबागजवळच्या किहीमला, घराजवळच्या साध्या सुगरण पक्ष्याचा संसार उलगडला. कोलंबसची गृहिणी आणि मुंबईचा बेकार तरुण! दोघांनीही दारातल्या पाखरावरच काम केले आणि दोघांनाही पारखणारा जाणकार एकच भेटला.

साँग स्पॅरोवरच्या तिच्या अभ्यासाचा पहिला खंड १९३७ मध्ये व दुसरा १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिनिअन सोसायटीने काढला. १९३८ साली ती ऑस्ट्रियात कोनराड लोरेन्त्स यांच्याकडे राहून आली. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या शास्त्रज्ञाने तिचे काम पथदर्शी मानले. त्याच वर्षी विल्सन पक्षिसंघाचे अध्यक्षपद तिच्याकडे आले. अमेरिकेतील कुठल्याही मोठ्या पक्षिसंघाची ती पहिली स्त्री अध्यक्ष. १९४२ मध्ये ब्रूस्टर पदक मिळाले. युरोपातल्या अनेक भाषांतले लेख वाचून त्यांचा परामर्श ती अमेरिकेतल्या वाचकांना देई. अशी तीन हजारांहून अधिक परीक्षणे तिने लिहिली. आणि हे सारे करताना तिला पगाराची जागा मात्र कुठेच नव्हती. लोक कौतुकाने तिला पाखरांचा छंद असलेली गृहिणी म्हणत. तिला ते मुळीच आवडत नसे. आपण शिक्षण घेतलेल्या प्राणिशास्त्रज्ञ आहोत, असे ती बजावून सांगे. मला हा तिचा राग फार आवडतो. बाईने केलेल्या कामाला ‘फावल्या वेळचे’ म्हटले की त्याची किंमत आपोआप अर्धी होते, हे तिला पुरते ठाऊक होते. टोरांटोच्या पुरुषांच्या पक्षिमंडळात बायांना प्रवेश नव्हता. तेव्हा तिथल्या बायांनी १९५२ साली आपले वेगळे मंडळ काढले आणि त्याला नाव दिले मार्गारेट नाइसचेच.

इंटरपाँटचे मात्र भले झाले नाही. मंदीच्या त्या वर्षांत तिथली झुडपे तोडून लोकांनी भाजीपाल्याचे वाफे केले. पोटाला हवेच होते. दोष कुणाला द्यावा? पण आडोसा गेला तशी पाखरेही घटत गेली. १९३६ साली नाइस कुटुंब शिकागोला गेले आणि त्या ओळखीच्या वस्तीचा निरोप घ्यावा लागला. तिथल्या एकेका पाखराच्या जन्माची, संसाराची, भांडणांची, मरणाची कहाणी आज उरली आहे ती तिच्या दोन खंडांत.

२६ जून १९७४ रोजी शिकागो येथे, नव्वदाव्या वर्षी मार्गारेट नाइस वारली. तिचे आत्मचरित्र त्यानंतर १९७९ मध्ये निघाले. मेक्सिकोतील साँग स्पॅरोच्या एका उपजातीला शास्त्रज्ञांनी तिचे नाव दिले आहे.

आपल्या कॉलेजातल्या मैत्रिणींना, आणि अर्थात मित्रांनाही, या चरित्रातून काय घ्यावे हे मी सांगायला नको. पण एक गोष्ट मनात येते. पदवीनंतर आपल्यातल्या कित्येकींच्या वह्या मिटतील. लग्न, गाव, घर बदलेल. मार्गारेटचीही मिटली होती, पण तिने घरातच दुसरी उघडली, आणि तीच तिला रानात घेऊन गेली. आपल्या कुंपणावर दयाळ भल्या पहाटे शीळ घालतो, बुलबुल तुळशीपाशी कलकलाट करतात. ते काय म्हणतात हे कळायला आधी त्यांच्यातला हा कोण आणि तो कोण हे कळले पाहिजे, समोर काय घडत होते ते लिहिले पाहिजे, आणि हे रोज केले पाहिजे. वही दोन रुपयांची असो की वीस रुपयांची, पहिल्या पानावर तारीख, वेळ आणि झाडाचे नाव घातले की काम सुरू झाले.